लोकप्रशासनाचे एम.ए. कशासाठी?





मागच्या पालकसभेत एका वडिलांनी उभे राहून विचारले, "बाई, मुलगी बी.ए. झाली. आता म्हणते, लोकप्रशासनात एम.ए. करायचे. दोन वर्षे घालवून कलेक्टर होण्याची खात्री आहे का? नसेल तर सरळ बी.एड. केलेले काय वाईट?" सभेत हशा झाला. मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले, पण त्या उत्तराने त्यांचेही समाधान झाले नाही आणि माझेही नाही. आपल्या पत्रकात सविस्तर लिहीन असे मी त्यांना सांगितले होते, तो शब्द आज पाळते आहे.

आधी एक गोष्ट कबूल करते. हा विषय मी स्वतः एम.ए. ला घेतलेला नाही. माझी पदवी विक्रम विद्यापीठाची, हिंदी माध्यमाची. बी.ए. ला 'लोक प्रशासन' नावाचा एक पेपर होता. तो पाठ करून दिला, पास झाले आणि विसरले. या विषयाची किंमत मला कळली ती शाळेच्या खुर्चीवर बसल्यावर, आणि तीही एका नालीमुळे.

शाळेसमोरची नाली

जुन्या पालकांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आपल्या फाटकासमोर गुडघाभर पाणी साचायचे. रस्ता कुठे संपतो आणि नाली कुठे सुरू होते ते दिसत नसे. एका जुलै महिन्यात दुसरीतला एक मुलगा पाय घसरून त्या उघड्या नालीत पडला. आपल्या शिपायाने लगेच ओढून काढले म्हणून जीव वाचला, पण हाताचे हाड मोडले. संध्याकाळी त्याची आजी शाळेत आली. म्हणाली, "तुम्ही शाळेच्या मोठ्या बाई. तुमचे एवढेसुद्धा कोणी ऐकत नाही का?" त्यावर मला काही बोलता आले नाही.

मी काही स्वस्थ बसले नव्हते. दोन वर्षांत सात अर्ज दिले होते. एका कार्यालयाने कळवले की नाली आमची आहे, पण पाणी रस्त्याच्या उतारामुळे साचते आणि रस्ता आमचा नाही. दुसऱ्याने कळवले की रस्ता आमचा आहे, पण तो पाइप टाकणाऱ्यांनी खोदला, पूर्ववत करणे त्यांचे काम. तिसऱ्याने कळवले की आमचे काम मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाले आहे. सातही अर्जांना उत्तर आले होते आणि पाणी जिथल्या तिथे होते. माझा समज असा झाला की सगळे टोलवाटोलवी करत आहेत.

त्या दिवाळीत आपली एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. ती तेव्हा लोकप्रशासनात एम.ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती. मी नालीचे रडगाणे सांगितले तेव्हा तिने फाइल मागितली, सगळी पत्रे वाचली आणि एका कोऱ्या कागदावर चार रकाने पाडले. निर्णय कोणाचा? पैसा कोणाचा? काम कोणाचे? जाब कोणी द्यायचा? प्रत्येक कार्यालयाचे नाव ती त्या रकान्यांत भरत गेली. मग म्हणाली, "बाई, तिघेही खरे बोलत आहेत. म्हणूनच काम होत नाही."

तिने मला नवा अर्ज लिहून दिला. तो तिघांपैकी कोणालाच नव्हता. तिघांनाही एका जागी बोलावू शकेल अशा वरच्या अधिकाऱ्याला होता. त्यात 'नाली दुरुस्त करावी' असे लिहिलेले नव्हते. 'तिन्ही विभागांची एकत्र स्थळपाहणी करून कोणी काय करायचे ते लेखी ठरवावे' एवढीच मागणी होती. पाहणी झाली. तिघेजण प्रथमच एकाच वेळी आपल्या फाटकासमोर उभे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात नालीवर फरश्या आल्या आणि रस्त्याखालचा पाइप मोठा झाला. पाणी आजही साचते, पण घोट्याएवढे, आणि तासाभरात ओसरते.

त्या चार रकान्यांमध्ये या विषयाचा बराचसा सारांश आला. आता तो जरा नीट पाहू.

हा विषय म्हणजे नेमके काय?

राज्यशास्त्र विचारते, राज्य कोणी करावे आणि कोणत्या अधिकाराने? लोकप्रशासन त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: ठरलेली गोष्ट लोकांच्या दारापर्यंत पोचते कशी, आणि पोचत नसेल तर वाटेत कुठे अडते? कायदा चांगला, पैसा मंजूर, अधिकारी प्रामाणिक, तरी काम होत नाही, असे आपण रोज पाहतो. ते का, याचा शिस्तीने अभ्यास करणे म्हणजे लोकप्रशासन.

स्वतंत्र विषय म्हणून याची सुरुवात सामान्यतः १८८७ पासून मानतात. त्या वर्षी अमेरिकेत वुड्रो विल्सन या प्राध्यापकाने प्रशासनाच्या अभ्यासावर एक निबंध लिहिला. हेच विल्सन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या देशात या विषयाचा पहिला पूर्ण विभाग नागपूर विद्यापीठात १९४९-५० च्या सुमारास सुरू झाला आणि त्याच्या नावातच लोकप्रशासनाबरोबर स्थानिक स्वशासनही होते. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. म्हणजे हा विषय भारतात रुजला तो मराठी माणसांच्या शहरात आणि मध्य प्रदेशाच्या राजधानीत! १९५४ साली दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. त्यामागे पॉल ॲपलबी या अमेरिकी तज्ज्ञाने १९५३ मध्ये दिलेला अहवाल होता.

पण नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाच-दहा गावांवर गोप, जनपदाच्या चौथ्या भागावर स्थानिक आणि त्यांच्या वर समाहर्ता अशी उतरंड सांगितली आहे. आणि आपल्या समाजाला तर पुस्तकही उघडायला नको. आपली आडनावेच पाहा. कुलकर्णी गावाचा हिशेब ठेवी, देशपांडे परगण्याचा. पाटील गावाचा प्रमुख, देशमुख परगण्याचा. फडणीस दप्तर आणि जमाखर्च पाही, चिटणीस पत्रव्यवहार, पोतनीस खजिना. आपल्या हजेरीपटावर जी नावे रोज पुकारली जातात, ती एका जुन्या कारभाराच्या पायऱ्या आहेत. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. त्या काळीही एका कामामागे अनेक पातळ्यांचे हात होते.

बहुस्तरीय कारभार

आता या विषयाच्या त्या भागाकडे वळते, ज्याचे नाव ऐकून पालक बिचकतात: मल्टी-लेव्हल गव्हर्नन्स. मराठीत बहुस्तरीय शासन किंवा बहुस्तरीय कारभार म्हणू. १९९० नंतरच्या दशकात युरोपातील देश एकत्र येऊन काही निर्णय वरच्या संस्थेकडे देऊ लागले आणि काही खाली प्रांतांकडे जाऊ लागले. तेव्हा गॅरी मार्क्स या अभ्यासकाने हा शब्द रूढ केला. त्याचे म्हणणे साधे होते: सत्ता एका ठिकाणी बसलेली नसते. ती अनेक पातळ्यांवर वाटलेली असते आणि या पातळ्यांना एकमेकींशी सतत बोलणी करावी लागतात.

पुढे २००३ मध्ये लीस्बेट हूघ आणि मार्क्स यांनी दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात थोड्या पातळ्या असतात आणि प्रत्येक पातळी पुष्कळ कामे करते. केंद्र, राज्य, जिल्हा, गाव ही आपली नेहमीची शिडी झाली. दुसऱ्या प्रकारात एकेका कामासाठी वेगळी संस्था असते आणि तिची हद्द त्या कामापुरती असते. आपल्या उज्जैनला दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. नगर निगम पहिल्या प्रकारचे. सिंहस्थ मेळ्याचा कारभार मात्र मध्य भारत सिंहस्थ मेला अधिनियम, १९५५ या खास कायद्याने चालतो, आणि महाकाल मंदिरासाठी १९८२ चा वेगळा अधिनियम आहे. ही झाली दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे. एका कायद्याच्या नावात 'मध्य भारत' का, असे मुलांनी विचारले पाहिजे. कारण १९४८ ते १९५६ आपण मध्य भारत राज्यात होतो, त्याआधी ग्वाल्हेर संस्थानात. राज्ये बदलली, मेळ्याचा कायदा राहिला.

आपल्या गावाचा या विषयाशी आणखी एक जुना संबंध आहे. ओरिसात भुवनेश्वरजवळ धौली येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. तोसलीच्या नगर-अधिकाऱ्यांना त्यात बजावले आहे की कोणालाही विनाकारण तुरुंगवास किंवा त्रास होऊ नये. ते पाहण्यासाठी राजा दर पाच वर्षांनी अधिकारी पाठवील, आणि उज्जैनचा राजकुमारही तसेच अधिकारी पाठवील, पण तो तीन वर्षांपेक्षा जास्त काळ जाऊ देणार नाही. सम्राटाची मुदत पाच वर्षे, प्रांताची तीन. जी पातळी लोकांच्या जवळ, तिने तपासणी लवकर करायची. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेले हे तत्त्व आजच्या एम.ए. च्या वर्गातही शिकवण्यासारखे आहे.

रामघाटावरचे तांब्याभर पाणी

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर एकदा सकाळी रामघाटावर जाऊन तांब्याभर पाणी घ्या आणि विचारा, हे पाणी माझ्यापर्यंत कोणी आणले?

क्षिप्रेचा उगम इंदूर जिल्ह्यातील उज्जैनी गावाजवळ. नदीला उन्हाळ्यात पाणी राहत नाही, म्हणून नर्मदेचे पाणी उचलून तिथे सोडण्याची योजना झाली. २०१२ मध्ये भूमिपूजन झाले, २०१४ मध्ये पाणी आले, आणि २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी ज्यात स्नान केले त्यात नर्मदेचे पाणी होते. पण नर्मदेचे पाणी मध्य प्रदेशाने आपल्या मर्जीने उचललेले नाही. नदी एकाहून अधिक राज्यांची, म्हणून आंतरराज्य नदी पाणीवाटप विवादांचा १९५६ चा केंद्रीय कायदा लागू झाला. त्याखाली १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि १९७९ मध्ये निवाडा आला. एकूण २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५ असे वाटप झाले. आपल्या तांब्यातले नर्मदेचे थेंब मध्य प्रदेशाच्या त्या वाट्यातले आहेत. ते पाणी सुमारे ३५० मीटर वर चढवायला वीज लागते. तो आणखी एक विभाग, आणखी एक बिल.

आता दुसरी बाजू. इंदूर शहरातून येणारी कान्ह नदी आपल्या त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते आणि शहराचे सांडपाणी बरोबर आणते. इंदूर २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत लागोपाठ पहिले येत गेले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण रस्त्याची स्वच्छता नगर निगमाच्या हद्दीत मोजतात, आणि नदी हद्द ओलांडून पुढे जाते. इंदूरच्या नगरसेवकाला उज्जैनच्या माणसाचे मत मिळत नाही, आणि उज्जैनच्या महापौराला इंदूरच्या नाल्यावर हुकूम चालवता येत नाही. मग पाण्याच्या शुद्धतेचा जाब कोणी द्यायचा? १९७४ च्या जल कायद्याने राज्य आणि केंद्र पातळीवर प्रदूषण मंडळे आली. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रे शहरांनी चालवायची, कान्ह वळवण्याचे काम राज्याच्या विभागाने करायचे, घाट झाडायचा स्थानिक संस्थेने, आणि सिंहस्थ जवळ आला की या सगळ्यांवर मेळ्याच्या कामाची देखरेख. २०२८ चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे ही सारी दृश्ये आपल्या डोळ्यांसमोर घडत आहेत.

चार रकाने पुन्हा आठवा. निर्णय, पैसा, काम, जाब. रामघाटावरच्या पाण्यासाठी हे चार रकाने भरायला बसले तर एक पान पुरणार नाही. ते पान नीट भरता येणे, आणि भरल्यावर कोणता दुवा तुटका आहे ते दाखवता येणे, यालाच या विषयाचे शिक्षण म्हणतात.

एम.ए. ला काय शिकावे लागते?

बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर हा विषय घेऊ शकतो. तीन वर्षांच्या पदवीनंतर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांसाठी एका वर्षाची वाट आहे. मात्र प्रवेशापूर्वी आपल्या विद्यापीठात चौकशी करून घ्यावी. आपल्या विक्रम विद्यापीठात, ज्याचे नाव आता सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ झाले आहे, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाची एकत्र अध्ययनशाला आहे. घरी राहून किंवा नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूचे लोकप्रशासनाचे एम.ए. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांतून करता येते.

अभ्यासाचे भाग साधारण असे असतात:

१) प्रशासनाचे सिद्धांत. माणसे मोठ्या संस्थेत कशी वागतात, नियम कशासाठी असतात आणि तेच नियम कामाच्या आड कसे येतात.

२) भारतीय प्रशासन. केंद्र, राज्य, जिल्हा यांची रचना, राज्यघटनेतील अधिकारांची वाटणी.

३) विकेंद्रीकरण आणि स्थानिक शासन. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. पंचायतींसाठी २९ आणि नगरसंस्थांसाठी १८ विषयांची यादी घटनेत आली. नव्या व्यवस्थेत सर्वांत आधी, १९९४ मध्ये, पंचायत निवडणुका घेतल्या त्या आपल्या मध्य प्रदेशाने.

४) सार्वजनिक धोरण. प्रश्न सरकारदरबारी कसा पोचतो, पर्याय कसे तोलतात, योजना फसली की नाही हे कसे मोजतात.

५) पैशाचा कारभार. अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, वित्त आयोग. ज्याला जमाखर्चाचा कंटाळा त्याने हा विषय घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते.

६) मनुष्यबळ, ई-शासन, आपत्ती व्यवस्थापन. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थात वादळ आले, मंडप कोसळले, माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. अशा घडीला कोणी कोणाला आदेश द्यायचा हे आधीच ठरलेले असावे लागते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांची प्राधिकरणे केली, ती यासाठीच.

७) संशोधन पद्धती आणि लघुप्रबंध. हा भाग पुष्कळ मुले उरकून टाकतात. खरे शिक्षण इथेच होते. कार्यालयात जाऊन फाइल कशी फिरते ते पाहणे, शंभर घरांत जाऊन विचारणे, आणि जे दिसले ते लिहिणे.

लघुप्रबंधासाठी विषय शोधायला दूर जायला नको. एक उदाहरण माझ्याच व्यवसायातले देते. आपल्या राज्यात १९९० च्या दशकात शिक्षाकर्मी नेमले गेले. त्यांची नेमणूक पंचायती आणि नगरसंस्थांकडून झाली. एकाच शाळेत, एकच पुस्तक शिकवणारे दोन शिक्षक, एक राज्याच्या विभागाचा आणि एक जनपद पंचायतीचा; पगार वेगळा, बदलीचे नियम वेगळे. पुढे अध्यापक संवर्ग झाला आणि २०१८ मध्ये त्यांना राज्याच्या शिक्षण सेवेत घेतले गेले. अधिकार खाली दिले आणि मग पुन्हा वर गेले. हे का झाले, आणि वर्गातल्या मुलाला याने काय फरक पडला, यावर कोणी कष्टाने लिहिले तर मी आनंदाने वाचीन.

भाषेचा प्रश्न

आपल्या मुलांना इथे एक अडचण आणि एक फायदा आहे. अडचण अशी की चांगली पुस्तके बरीचशी इंग्रजीत आहेत. हिंदी माध्यमातून पेपर लिहिता येतो, मी स्वतः तसेच शिकले, त्यात कमीपणा नाही. पण वाचण्यापुरती इंग्रजी पक्की केलीच पाहिजे. कायदा आणि शासनाचे आदेश मुळातून वाचता आले नाहीत तर दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर अवलंबून राहावे लागते.

फायदा असा की आपली मुले दोन राज्यांचा कारभार सहज ताडून पाहू शकतात. इथला पटवारी तो तिथला तलाठी. इथली जनपद पंचायत ती तिथली पंचायत समिती. जिल्हा पंचायत आणि जिल्हा परिषद, संभागायुक्त आणि विभागीय आयुक्त, नगर निगम आणि महानगरपालिका. पण नाव बदलले की फक्त शब्दच बदलतो असे नाही. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९६२ पासून कामाला लागल्या. प्राथमिक शाळांसारखी मोठी जबाबदारी त्यांच्याकडे गेली. आपल्याकडे वाट वेगळी होती. पुण्याच्या मावशीकडे आणि उज्जैनच्या आजीकडे राहिलेले मूल हा फरक अनुभवाने जाणते. त्याला फक्त नीट पाहायला शिकवायचे आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत हा विषय मराठीतूनही शिकता येतो, हेही ज्यांना तिकडे जायचे असेल त्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढे काय?

आता त्या वडिलांच्या मूळ प्रश्नाला उत्तर. कलेक्टर होण्याची खात्री आहे का? नाही. कोणत्याच एम.ए. ने ती मिळत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत पूर्वी दोन वैकल्पिक विषय असत, तेव्हा लोकप्रशासन फार लोकप्रिय होते. २०१३ पासून वैकल्पिक विषय एकच उरला आणि सामान्य अध्ययनाचे चार पेपर झाले. त्यातील एकात राज्यघटना, शासनव्यवस्था आणि सामाजिक न्याय येतो. म्हणजे हा विषय वैकल्पिक घेतला नाही तरी त्याचा अभ्यास कामी येतो. पण परीक्षेला बसणारे लाखो आणि जागा शेकड्यांत, हे गणित मुलांपासून लपवू नका.

याशिवाय वाटा आहेत. नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे प्राध्यापकी आणि संशोधनाची वाट आहे. नगरसंस्था, पंचायती, सरकारी योजनांचे प्रकल्प, सामाजिक संस्था यांना असे लोक लागतात ज्यांना आदेश वाचता येतो, हिशेब समजतो आणि गावात बसून ऐकून घेता येते. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून नगरकारभाराचे शिक्षण देत आली आहे, म्हणजे या कामाला गिऱ्हाईक काही कालपरवाचे नाही. तरीही सुरुवातीच्या नोकऱ्या पुष्कळदा कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो. हे आधीच माहीत असलेले बरे.

मग कोणी घ्यावा हा विषय? ज्याला फक्त लाल दिव्याचे आकर्षण आहे त्याने घेऊ नये. तो दिवाही २०१७ मध्ये गाड्यांवरून उतरला. जो वर्तमानपत्रातील बातमी वाचून 'कोण चुकले?' एवढेच विचारून थांबत नाही, 'हे काम मुळात कोणाचे होते?' असे विचारतो, त्याने जरूर घ्यावा. ज्याला अर्ज लिहिण्याचा कंटाळा नाही, रांगेत उभे राहण्याची लाज नाही आणि कारकुनाशी नम्रपणे बोलता येते, त्याने घ्यावा.

शाळेतूनच सुरुवात

या वर्षी नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना मी एक छोटा उपक्रम देणार आहे. प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एक गोष्ट निवडायची: बंद पडलेला हातपंप, रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी, आजीची निवृत्तिवेतनाची रक्कम. तिच्यासाठी चार रकाने भरायचे. आपल्या राज्यात २०१० पासून लोकसेवा हमीचा कायदा आहे. कोणते काम किती दिवसांत व्हायला हवे ते त्यात ठरवून दिले आहे, आणि असा कायदा करणारे आपण देशात पहिले. १८१ क्रमांकाच्या सीएम हेल्पलाइनवर केलेली तक्रार एका अधिकाऱ्याकडे सुटली नाही तर वरच्याकडे जाते, अशा चार पातळ्या आहेत. मुलांनी हे वापरून पाहावे. तक्रार करण्याची हौस लागावी म्हणून मुळीच नाही. दार कोणते ते ओळखता यावे म्हणून.

पालकांना एकच विनंती. मुलगी किंवा मुलगा हा विषय घ्यायचा म्हणत असेल तर 'याने काय होणार?' असे विचारण्याआधी 'तुला यात काय शोधायचे आहे?' असे विचारा. उत्तर आले तर त्याला दोन वर्षे द्या. उत्तर आले नाही तर बी.एड. आहेच, आणि तेही कमी महत्त्वाचे नाही, हे एका शिक्षिकेने सांगायला हवे असे नाही.

आपले पूर्वज दप्तर सांभाळत या माळव्यात आले. आज आपल्यापैकी पुष्कळजण त्याच दप्तरांच्या बाहेर अर्ज घेऊन उभे असतात, आणि माझ्यासारखे सुशिक्षित लोकही दोन वर्षे चुकीच्या दारावर टकटक करत राहतात. त्या आजीने मला विचारलेला प्रश्न मी आता थोडा बदलून स्वतःला विचारते: माझे कोणी ऐकत नव्हते, की ज्याने ऐकायचे त्याला मी सांगतच नव्हते? ज्या मुलीने मला हा फरक दाखवला, तिच्याही घरी एम.ए. ला आधी विरोधच होता.

सर्व विद्यार्थ्यांना नव्या सत्राच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या